खोकल्याचं औषध

धाकलूबाच्या अवघड जागी वर्षभर गाठ वाढत होती. ठकूबाईनं भांडून भांडून नवऱ्याला एकदाचं हिर्डोशीहून एसटीत घातलं आणि भोरला डॉक्टरांपुढं बसवलं.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

धाकलूबानं धोतर आवळून धरलं. "खोकला."

दाराशी उभी ठकूबाई नुसती दात खात राहिली; परक्या पुरुषापुढं तिलाही ते बोलवेना. डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली लाल औषधाची बाटली घेऊन दोघं परत फिरली.

गावात उतरतात तोच शेजारचा रामजी नवा बोकड घेऊन आडवा आला. "दादा, जरा बघता का?"

बोकड पारखावा तो धाकलूबानंच. त्यानं तिथंच बसकण मारली, बोकडाच्या पायांमधून हात घालून गोट्या चाचपल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एक दगडावानी लागतीया. आजच ढोराच्या डागदरकडं ने. लपवून ठेवलंस तर बोकड हातचा जाईल."

ठकूबाईनं पुढं होऊन बाटली रामजीच्या हातात कोंबली.

"डागदर कशाला, भावजी? हे पाजा त्याला. आमच्या मालकास्नी बी तेच झालंय, अन् त्यांनी भोरास्नं हेच आणलंय."