बद्द वाजणारी पिन

"यावर तुमचा विश्वास बसला, तर मिशी उतरवून देईन," मी पुतण्यांना म्हणालो.

"काका, मिशी तर परवाही पणाला लावली होती!" थोरला म्हणाला.

लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपात नवा सुटा भाग आला, की मी तो हातोडीने हलकेच वाजवून बघायचो. चांगलं पोलाद खणखणतं. आत चीर असली, तर बद्द वाजतं. माझा धाकटा भाऊ, म्हणजे या पोरांचा बाप, जो ट्रक चालवायचा, त्याच्या स्टिअरिंगसाठी आलेली पिन बद्द वाजली.

"मी तिथल्या तिथे साहेबांकडे तक्रार केली," मी सांगितलं. "मग जेवणाची घंटा वाजवायला गेलो, तर तीही बद्द! पाने, साखळ्या, जे हाती घेईन ते बद्द. तुमचा बाप ट्रकसकट दरीत गेला, तेव्हापासून तर घरातली भांडीसुद्धा."

"काहीतरीच, काका." धाकट्याने समोरचा पेला चमच्याने वाजवला. तो खणखणला.

मग चमचा मी घेतला. ओल्या लाकडावर मारावं तसा आवाज आला. मी पुन्हा मारला. तसाच.

कुणी हसलं नाही. दारात त्यांची आई, माझी भावजय, येऊन उभी होती. माझी मान काही वर होईना.

"दादा, पोरांशी तरी खोटं बोलू नका," ती म्हणाली. "तक्रार कुठे केलीत? निघताना हे मला म्हणाले होते, पिन दादानेच बसवलीय, आता काळजी नको."