टाकावरचा स्वार

इंग्रजांचं राज्य जाऊन आठ-दहा वर्षं झाली असतील, तेव्हा एक गोरा साहेब, इथं नोकरी करून गेलेल्या पूर्वजांचा माग काढत दासगावात आला. ओसरीवर बसून मोडक्या मराठीत हैबतीला म्हणाला, "आमचा मूळपुरुष सहाशे वर्षांमागचा, तिकडे विलायतेतला घोडेस्वार सरदार. आता त्याला फूल वाहणारं कुणी नाही."

हैबतीला गलबलून आलं. घोडेस्वार उठवलेला, आपल्या पूर्वजाचा चांदीचा टाक त्यानं देव्हाऱ्यातून काढला. "आमचा पन घोड्यावरच हाय. तुमचं फूल हितंच वाहा."

साहेबानं नाव घेऊन फूल वाहिलं.

"आवो, परक्या पितराला नाव घेऊन घरात बोलावलंत!" हैबतीची बायको पुटपुटली.

सकाळी हैबतीनं सुकलेलं फूल उचललं. टाकावर दोन घोडेस्वार होते.

त्यातला आपला कोणता, हे काही केल्या त्याला ओळखू येईना.