नावाचं गाणं

पार्लरवाल्या ताईंच्या रेडिओवर हल्ली सारखं एकच गाणं लागायचं. एका बाईच्या नावाचं, लोकांनी डोक्यावर घेतलेलं. गंमत म्हणजे खुर्चीत बसलेल्या प्रत्येकीला त्यात स्वतःचंच नाव ऐकू यायचं. "अय्या, मलाच हाक मारतोय की!" म्हणत ती हसत हसत ओ द्यायची.

ओ दिलेली एकही बाई घरी पोचली नव्हती. घरचे लोक शोधत पार्लरपर्यंत यायला लागले, तेव्हा ताईंनी रेडिओची वायरच उपटून टाकली.

दुपारी त्यांची लेक येऊन खुर्चीत बसली. "आई, पुढचे केस जरा आखूड कर ना."

ताईंनी कात्री उचलली आणि त्या मुक्या रेडिओतून गाणं सुरू झालं.

"आई, ऐक! माझं नाव..."

कात्री फेकून ताईंनी दोन्ही हातांनी लेकीचं तोंड दाबलं. ती धडपडली, पण त्यांनी हात काढले नाहीत. गाणारा थांबला. त्यानं वाट पाहिली. ओ आली नाही.

ताईंचा जीव भांड्यात पडला.

मग गाण्यातलं नाव बदललं. आता हाक ताईंना होती, लहानपणीच्या लाडक्या नावानं, त्यांच्या गेलेल्या आईच्या आवाजात.

आणि जन्माच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ओ, आले गं!"