खडूचा गोल

बापूरावांनी खडू उचलला खरा, पण गोल कुठं काढायचा तेच त्यांना कळेना.

समोर टेबलावर पर्सचं नवं मटेरिअल पसरलं होतं. काळं कुळकुळीत, या कडेपासून त्या कडेपर्यंत एक डाग नाही की एक सुरकुती नाही. चाळीस वर्षं त्यांचं काम एकच. चामड्यावर हात फिरवायचा, डाग हुडकायचा, त्याच्याभोवती खडूनं गोल काढायचा, म्हणजे कापणारा तेवढी जागा सोडून कापतो. पण गेले तीन महिने कारखान्यात चामडंच आलं नव्हतं. आलं होतं ते हे नकली चामडं, कंपनीतून गुंडाळून. याला तपासायचं काय? बापूराव रोज कात्रजहून यायचे, खडूला टोक करून ठेवायचे आणि सहाला उठून घरी जायचे. आज सुदर्शनशेठ म्हणाले, "वर जा, उत्कर्षाकडं तुमच्यासाठी काम आहे," तेव्हा त्या उभ्या जिन्यावर त्यांना धापसुद्धा लागली नाही.

"काका, प्रॉब्लेम असा आहे," उत्कर्षा म्हणाली. डिझायनिंग शिकून आलेली, कानात भलेमोठे डूल, हातात टॅब. "हे फारच प्लेन दिसतंय. कस्टमर म्हणतात, खोटं वाटतं."

"खोटंच हाय की ते."

"हो, पण तसं वाटायला नको ना!" ती खळखळून हसली. "खऱ्या चामड्यावर डाग कुठे असतात, तेवढं यावर दाखवा. मी टॅबवर घेते, मशीन छापेल."

खालच्या दुकानात कुणीतरी स्पीकर तपासत होतं. हॅलो, हॅलो, माईक चेक. बापूरावांनी डावा तळवा त्या गार काळ्या मटेरिअलवर ठेवला आणि डोळे मिटले.

"ही मान," ते म्हणाले. खडू आडवा फिरला. "हितं वळ्या पडत्यात."

"आणि इथे मधोमध गोचिडाचे ठिपके टाकू? मस्त दिसतील."

"तिथं नाय. तिथं ती चाटती. जिथं जीभ पोचत नाय ना ताई, तिथं गोचीड बसतो." त्यांनी मानेच्या मागं चार ठिपके टेकवले. जरा थांबून पाचवा. "आन् हा ओरखडा. उजव्याच अंगाला. ही बया रोज बाभळीला अंग घासणार."

"ही कोण?"

"म्हैस."

उत्कर्षा हसायची थांबली आणि भराभरा उतरवून घ्यायला लागली.

दुपारचा डबा तसाच राहिला. चार वाजेपर्यंत टेबलावर एक अख्खी म्हैस आडवी झाली होती. तिच्या खांद्यावर दोराचा वळ होता, पोटावर शिरांचं जाळं होतं, गुडघ्यापाशी कधीतरी पडून खरचटल्याची खूण होती. बापूरावांच्या गालाला खडू लागला होता. कितीतरी दिवसांनी त्यांना कडकडून भूक लागली.

"आन् हा शेवटचा." मागच्या मांडीपाशी त्यांनी बोटभर तिरपी रेघ ओढली. "हा सुरीचा. सोलणाऱ्याचा हात दमला की हितं सुटतो. माझ्या बापाचा दर बारीला हितंच सुटायचा."

"म्हणजे हा म्हशीचा नाही?"

"नाय. माणसाचा."

"मग नको हा." उत्कर्षानं टॅबवर बोट टेकवलं. रेघ गेली. "टॅगवर आपण 'नॅचरल मार्क्स' लिहितोय ना, काका."

बापूराव टेबलावरच्या रेघेकडं बघत राहिले. ती अजून तिथंच होती, पांढरी.

"बरं," ते म्हणाले. "उद्या दुसरी घेऊ. म्हातारी म्हैस. तिचं पोट येगळं असतंय. मग एक रेडा घेऊ. एकासारखं दुसरं नसतंय, ताई. वरीसभर पुरंल एवढं हाय हितं." त्यांनी तळवा पुढं केला.

"दुसरी कशाला? फाईल झाली की! आता हीच रिपीट होणार, पाचशे मीटर." तिनं बटण दाबलं. कोपऱ्यातलं मशीन गुरगुरायला लागलं. "काका, तुम्ही खरंच ग्रेट आहात हं. मी शेठना सांगणारे, काकांचं सगळं काम एका दिवसात उरकलं."

तिला ते मनापासून वाटत होतं.

मशीनमधून पहिला मीटर बाहेर आला. मानेच्या वळ्या, बाभळीचा ओरखडा, पाच गोचीड. दुसरा आला. त्याच वळ्या, तोच ओरखडा, तेच पाच. बापूराव मशीनपाशी जाऊन उभे राहिले. हात सवयीनं पुढं झाला आणि अंगठा त्या सरकत्या काळ्या पट्ट्यावरून फिरत राहिला.

तिसऱ्या मीटरला त्यांनी मागच्या मांडीपाशी खडू टेकवला आणि सावकाश एक गोल काढला.

"अहो काका," उत्कर्षा वाकून, डोळे बारीक करून बघत म्हणाली, "तिथे तर काहीच नाहीये."