टेम्पोखालची सावली

"सोडा की आता त्याला, चालंल त्यो," शालन नवऱ्याला म्हणाली.

पण बाबासोला धीर होत नव्हता. भुऱ्याच्या पोटाखालून घातलेल्या तिच्या जुन्या लुगड्याची दोन्ही टोकं त्यानं घट्ट धरली होती. कुत्र्याचा मागचा एक पाय कापलेला, उरलेले तीन संधिवातानं आखडलेले. दोन महिने रोज सकाळी पाय तेलानं चोळून बाबासो त्याला असाच झोळीत तोलत अंगणभर फिरवत होता.

करणार काय? त्या दिवशी म्हाताऱ्या भुऱ्याला चटकन उठता आलं नाही, आणि टेम्पो मागं घेण्याआधी बाबासोनं वाकून बघितलं नाही.

शेवटी त्यानं टोकं सोडली. भुऱ्या डगमगला, सावरला आणि एकेक पाऊल टाकत निघाला.

"चालला, अवो चालला!" शालन ओरडली.

भुऱ्या अंगण ओलांडून थेट टेम्पोपाशी गेला आणि पूर्वीसारखाच मागच्या चाकाला पाठ लावून सावलीत पसरला.

"तिथं नको रे लेकरा," म्हणत बाबासो मातीत मटकन बसला.

त्याचा आवाज ऐकून भुऱ्यानं शेपटी आपटली.