तपकिरी

तिसऱ्या काचेवरही रंग चढला नव्हता. कहकशानं मायक्रोस्कोपवरून डोळे काढले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. पेशी निळ्याच होत्या. कालही निळ्याच निघाल्या होत्या, म्हणून तर रंगाच्या औषधाची नवी बाटली फोडून तिनं आज तिन्ही काचा पहिल्यापासून केल्या होत्या.

काचा विशाखाच्या होत्या. विशाखा म्हणजे लॅब झाडणाऱ्या गोजरबाईची एकुलती एक लेक. वय एकतीस, चिकलठाण्याच्या कारखान्यात पॅकिंगला. छातीतली कॅन्सरची गाठ यकृतापर्यंत पोचली तेव्हा कुठं ती दवाखान्याची पायरी चढली. तीनपैकी एक जरी काच तपकिरी झाली असती, तर गोळी नाहीतर इंजेक्शन लागू पडलं असतं, काही वर्षं तरी हाती लागली असती. आता लॅबचे डॉक्टरसाहेब रिपोर्टवर सही करणार आणि केमोची जड औषधं सुरू होणार, तीही थोड्या महिन्यांपुरती. वीस वर्षं कहकशानं लोकांच्या गाठी रंगवल्या, पण रंग चढावा म्हणून तिचा जीव असा टांगणीला कधी लागला नव्हता. तिला स्वतःच्या हातांचाच राग आला.

गोजरबाई फडकं घेऊन दारात उभीच होती. इथल्या फरश्या पुसता पुसता तिनं अर्धी डॉक्टरकी फुकटात शिकून घेतलीय, असं सगळे तिला चिडवत. पण अर्धीच. तिनं एक काच उचलून खिडकीच्या उजेडाला धरली आणि तिचा चेहरा खुलला. डाग नाही म्हणजे रोग नाही, असा तिचा सरळ समज. मुकुंदवाडीला घरी पडून असलेल्या लेकीला लगेच फोन लावते म्हणाली.

कहकशानं तिचा हात धरला. डागच हवा होता, तपकिरी रंग आला तरच गोळी लागू पडते, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

गोजरबाईनं फडकं खांद्यावर टाकलं. काच पुन्हा उजेडाला धरली आणि कडेला असलेल्या एका बारीक तपकिरी ठिपक्याखाली बोट नेलं.

"मंग ह्ये काय हाय?"

तो दुसऱ्याच कुणाच्या तरी, हमखास रंग धरणाऱ्या गाठीचा तुकडा होता. रंगाचं औषध बिघडलेलं नाही ना, हे कळावं म्हणून प्रत्येक काचेच्या कडेला तसा एक लावतात.

"ते तिचं नाही, मावशी," कहकशा म्हणाली.

"त्याला चढला."

"हो."

गोजरबाईनं काच जपून टेबलावर ठेवली, कहकशाच्या पायाशी बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ताई, रंग तुमीच घालता नव्हं," ती हळूच म्हणाली. "माझ्या पोरीला थोडा जास्तीचा घाला की."