डिकीचं तोंड

इस्पितळाच्या दारात निरंजन सासऱ्यांची चाकांची खुर्ची घडी घालून डिकीत कोंबत होता. आधी उभी, मग आडवी, मग तिरकी. आत जागा होती, पण डिकीचं तोंडच चिंचोळं. आणि ही इलेक्ट्रिक गाडी खुद्द निरंजननेच डिझाइन केली होती. मागच्या सीटवर ऐसपैस पाय पसरता यावेत म्हणून त्याने सीट आणि छत मागे सरकवून डिकीच्या तोंडाचा बळी दिला होता. "डिकीत कोण बसणार आहे?" असं मीटिंगमध्ये म्हणून हशा आणि टाळ्याही मिळवल्या होत्या.

"माझ्यापायी तुम्हाला त्रास," सासरे पुटपुटले. पक्षाघातानंतर ते एवढंच बोलत.

"तुमच्यापायी नाही, बाबा. माझ्या अकलेपायी," घामाघूम निरंजन म्हणाला.

शेवटी त्याच्या बायकोने, मृण्मयीने, स्टिअरिंग हाती घेतलं आणि वडिलांना शेजारी बसवलं. मागच्या सीटवर खुर्ची अशी पसरली की सासूबाई कशाबशा कडेला मावल्या. निरंजनला जागाच उरली नाही.

सासऱ्यांनी काच खाली केली. फुटपाथवर उभ्या जावयाकडे पाहून ते ओठांच्या एका कोपऱ्यातून हसले, आजारपणानंतर पहिल्यांदाच.

"जावईबापू, पुढच्या गाडीत तुमचीही सोय बघा हं!"

मृण्मयी हसता हसता रडायला लागली. गाडी निघून गेली. निरंजनने रिक्षा थांबवली आणि आत बसला. शेजारी एवढी मोकळी जागा होती, की खुर्ची आरामात मावली असती.

हे मात्र त्याने घरी कुणालाच सांगितलं नाही.